तुम्ही विचारलंत म्हणून: साक्षीदार पैसे खाऊनच फिरतात का?

बीडला सरकारी वकिलांच्या हाताखाली दोन महिने इंटर्नशिप केली म्हटलं की लग्नात, एसटीत, किराणा दुकानात एकच प्रश्न येतो: "साक्षीदार पैसे खाऊनच फितूर होतात ना?" मामांनी तर विचारता विचारता उत्तरही देऊन टाकलं.

खात असतील. माझ्या वाट्याला आलं ते वेगळं.

सुरुवातीला माझ्याकडे फक्त समन्सचे अहवाल होते. दिवाळीनंतरचे दिवस. वडवणी, धारूर, पाटोदा, कुठलाही तालुका घ्या, ओळ तीच: 'सदर साक्षीदार ऊसतोडीस गेल्याने मिळून आला नाही.' कोल्हापूरला की कर्नाटकात, ते टोळी नेणाऱ्या मुकादमाला ठाऊक. तारीख पुढे. टोळ्या परततात उन्हाळ्यात, आणि मे महिन्यात कोर्टाला सुट्टी.

मग एक काका आले, टोळी सोडून, रात्रभर एसटीनं. 2019 सालची मारामारी, म्हणून कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची, म्हणजे भादंविचीच. तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागते ती 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना. मॅडम, म्हणजे आमच्या सरकारी वकील, म्हणाल्या, बाहेर बाकावर बसून यांना यांचा पोलिसांकडचा जबाब वाचून दाखव. मी वाचलं: 'सदर इसमाने फिर्यादीस अश्लील शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.' काका ऐकत राहिले. बोटांवर कोयत्याचे जुने वण. म्हणाले, "ताई, हे म्या बोललो व्हय? इसम म्हंजी काय तेच मला ठाव न्हाई."

खरंच होतं. जबाब लिहिला हवालदारानं, पोलीस ठाण्याच्या भाषेत. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नाही, असं कायदाच सांगतो.

पिंजऱ्यात काकांनी भांडण झालं, फिर्यादी खाली पडलेला होता, एवढं सांगितलं. मारलं कोणी? आठवत नाही. आरोपी भावकीतला, आणि दोघांची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, एकाच मुकादमाकडून; हे मला नंतर चहाच्या टपरीवर कळलं, रेकॉर्डवर कुठंच नाही. मॅडमनी कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न घातले. काकांचं उत्तर, "असं सांगितलं नव्हतं." जबाबातल्या त्या नाकारलेल्या मजकुराला खूण पडली, 'अ'. पुढे तपास अधिकारी येऊन 'यांनी सांगितलं तसंच लिहिलं' म्हणेल. तरी त्यानं मारहाण सिद्ध होत नाही. माणूस दोनदा दोन बोलला, एवढंच. पुस्तकातलं हे कलम मला पाठ होतं. त्या दिवशी कळलं.

फितूर म्हटलं म्हणजे अख्खी साक्ष केरात जाते, असंही नाही बरं का. 'फिर्यादी खाली पडलेला होता' हे वाक्य मॅडमनी लगेच पेन्सिलीनं अधोरेखित केलं. डॉक्टरांच्या इंज्युरी सर्टिफिकेटशी ते जुळत होतं. मी तिथून निघाले तोवर निकाल लागला नव्हता.

जाताना काकांनी एकच विचारलं, भत्ता कुठं मिळतो. तीन दिवसांची मजुरी बुडाली होती. कागद मीच भरून दिला. त्यावर मात्र त्यांची सही घेतली.