जामच्या मुळाशी एक खड्डा

आमच्या रस्त्यावर जाम कशामुळे लागतो, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "गाड्याच किती वाढल्यात!" वाढल्यात, नाही कोण म्हणतं. पण मी बसमध्ये शक्यतो ड्रायव्हरच्या मागची सीट धरतो आणि तिथून पुढचं सगळं स्वच्छ दिसतं. पूल उतरला की डाव्या लेनमध्ये एक खड्डा आहे. फार मोठाही नाही, गाडीचं एक चाक बसेल एवढाच. त्याच्यापाशी आला की प्रत्येक जण ब्रेक मारतो. बाइकवाला आयत्या वेळी उजवीकडे कट मारतो, उजवीकडचा कारवाला दचकून ब्रेक दाबतो, आणि मागे हॉर्नचा एकच कल्लोळ. खड्डा ओलांडला की पुढे रस्ता मोकळा! इतका वेळ आपण नक्की कशासाठी अडकलो होतो, तेच कळत नाही.

जपानमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला होता. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि ड्रायव्हरना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारखं चालवत राहा. सिग्नल नाही, वळण घेणारं कुणी नाही, खड्डा तर नाहीच. तरी थोड्या वेळाने जाम लागला. कुणाचा तरी वेग किंचित उतरला, मागच्याने धास्तीने जरा जास्त उतरवला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि शेवटी कुणीतरी चक्क थांबलं. गाड्या पुढे जात होत्या आणि जाम मात्र ताशी २० किलोमीटरच्या सुमाराने मागे मागे सरकत होता. गुळगुळीत रस्त्यावर ही गत. आमच्याकडे तर दर गाडीला ब्रेक मारायला लावणारा खड्डा कायमचा मुक्कामाला.

बरं, तो बुजवत नाहीत असंही नाही. बुजवतात की! टेम्पोतून खडी-डांबर आणतात, साचलेल्या पाण्यातच ओततात, फावड्याच्या पाठीने चार थापा मारतात आणि निघून जातात. डांबर ओल्या खडीला नीट धरत नाही. पाणी भेगेतून खाली उतरतं, वरून चाक गेलं की ते दाबाने आत-बाहेर होतं आणि बारीक माल धुऊन नेतं. मग पहिला दणदणीत पाऊस आला की ती खडी रस्ताभर पसरते, बाइकवाल्यांना घसरायला. खरं तर कडा कापून खड्डा चौकोनी करायचा, आतली धूळ-पाणी काढायचं, डांबराचा हात मारायचा, गरम माल थरांनी भरायचा आणि थंड व्हायच्या आत रोलरने दाबायचा. यात काही रॉकेट सायन्स नाही. वेळ लागतो, तेवढा वेळ रस्ता अडवावा लागतो, आणि रस्ता अडवला की आपणच शिव्या घालतो. हेही आलंच.

राहता राहिला "गाड्या वाढल्या म्हणून रस्ते खराब" हा मुद्दा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून फिरवून मोजमाप केलं होतं. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की एका ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते. म्हणजे आपल्या स्कूटी आणि छोट्या कार गर्दी करतात हे खरं, पण रस्ता चेपायचं काम भरलेल्या डंपरचं. त्यातही क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्याचं. त्यांची वजनं नीट तपासली तरी बराच फरक पडेल, पण त्याचा फ्लेक्स लावता येत नाही. उड्डाणपुलाचा लावता येतो.

आता या खड्ड्याच्या थोडं पुढे नव्या पुलासाठी मोजणी चालू झाली आहे. पिवळ्या जाकिटातली माणसं तिकाटणं लावून उभी असतात, तेही बरोब्बर डाव्या लेनमध्ये.