कोविड मृत्यूंचं ऑडिट: प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी उघडा

डेथ ऑडिटला, म्हणजे मृत्यूचं कारण पुन्हा तपासायला, बसलं की पहिला हात मृत्यूच्या प्रमाणपत्राकडे जातो, आणि गडबड तिथेच होते. ‘कोविड न्यूमोनिया’ एकदा वाचलं की पुढचा केसपेपर तेच सिद्ध करायला वाचला जातो. म्हणून प्रमाणपत्र बंद ठेवावं. उपचारात सहभाग नसलेल्या दोन डॉक्टरांनी, एकमेकांशी न बोलता, फक्त केसपेपरवरून कारण लिहावं. जुळलं नाही तर तिसऱ्याकडे द्यावं.

केसपेपर म्हणजे केवळ डॉक्टरांच्या नोंदी नव्हेत. त्यात सलग काही दिवस ‘उपचार तेच चालू’ एवढंच असतं. खरी माहिती सिस्टरांच्या तक्त्यात, औषधांच्या चार्टवर आणि एबीजीच्या (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीच्या) चिठ्ठ्यांवर. (चिठ्ठी थर्मल कागदाची असेल तर आधी फोटो काढा, अक्षरं उडतात.) त्यावरून कालक्रम मांडायचा: लक्षणांचा पहिला दिवस, स्वॅब घेतल्याची तारीख (रिपोर्टची नव्हे), भरती, ऑक्सिजन लागला ती वेळ, मृत्यू. सॅच्युरेशनच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या) आकड्याशेजारी ऑक्सिजन किती लिटर आणि कशातून, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी. साध्या हवेवर ९२ आणि रिझर्व्हॉयर (पिशवी लावलेल्या) मास्कमधून १५ लिटरवर ९२, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०२० च्या सूचनांनुसार कोविडशी जुळणाऱ्या आजारातून झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, मात्र अपघातासारखं, कोविडशी संबंध नसलेलं दुसरं स्पष्ट कारण नसावं. शिवाय आजार आणि मृत्यू यांच्यामध्ये रुग्ण पूर्ण बरा झाल्याचा काळ नसावा. ही दुसरी अट हमखास विसरली जाते. पीसीआर निगेटिव्ह झाली म्हणजे रुग्ण बरा झाला असं नाही. तिसऱ्या आठवड्यात, व्हेंटिलेटरवर असताना जंतुसंसर्ग होऊन सेप्सिसने (संसर्गामुळे अवयव निकामी होऊन) गेलेला रुग्ण कोविडपासून सुरू झालेल्या कारणांच्या साखळीतलाच. उलट, पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. डोक्याला मार लागून आलेला, एक्स-रे स्वच्छ असलेला, न्यूमोनियाची खूण नसलेला रुग्ण केवळ रिपोर्टमुळे कोविडचा ठरत नाही.

अवघड जागा रक्ताच्या गुठळ्यांची. फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी आजार ऐन भरात असताना झाली तर मी ती साखळीत धरतो. हृदयविकाराचा झटका सरसकट धरत नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या) वेळा ऑक्सिजनच्या तक्त्याशी लावून, आधी काय बिघडलं ते पाहावं लागतं. तरीही ठरलं नाही तर ‘अनिश्चित’ लिहावं. ज्या फॉर्मवर हा रकानाच नाही, तो फॉर्म आधी बदला.

आता प्रमाणपत्र उघडा. पहिल्या भागात वर थेट कारण, तळाशी मूळ कारण: एआरडीएस (फुप्फुसं तीव्रपणे निकामी होणं), त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली कोविड-१९. मधुमेह, रक्तदाब दुसऱ्या भागात. वरच्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद’ दिसलं तर खूण करा. ती प्रत्येकाचीच बंद पडते. तळाशी मधुमेह लिहिला असेल तर साखळीच चुकली, कारण कोविड मधुमेहामुळे होत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयसीडी-१०) चाचणीने सिद्ध झालेल्याला कोड यू०७.१, लक्षणांवरून ठरवलेल्याला यू०७.२.

चाचणीपासून मृत्यूपर्यंतच्या दिवसांची मर्यादा मोजणीच्या सोयीसाठी असते, कारण ठरवण्यासाठी नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये पॉझिटिव्ह चाचणीपासून २८ दिवसांची मर्यादा लावली आणि मृतांचा आकडा एका फटक्यात पाच हजारांहून अधिकने घटला. केसपेपर तेच होते.

मृत्यू टाळता आला असता का, हा प्रश्न वेगळ्या कागदावर, कारण ठरल्यानंतर. ऑक्सिजन लागल्यापासून डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) ६ मिलिग्रॅम किती तासांत मिळालं? की ऑक्सिजनची गरज नसतानाच सुरू केलं? हेपॅरिन (गुठळ्या रोखणारं औषध) चार्टवर लिहिलं, पण दिल्याची सही आहे का? आयसीयूला कॉल केल्यापासून खाट मिळेपर्यंत किती वेळ गेला? भरतीनंतर १४ दिवस उलटून लक्षणं सुरू झाली असतील तर संसर्ग रुग्णालयातलाच. ८ ते १४ दिवसांत असतील तर बहुधा.

ऑडिटसाठी केसपेपर फक्त कोविड वॉर्डातून घेऊ नका. त्याच काळात ‘न्यूमोनिया’ किंवा ‘श्वसनक्रिया निकामी’ लिहून बंद झालेले निगेटिव्ह केसपेपरही काढा. स्वॅब एकदाच घेतलेला, पण एचआरसीटीत (छातीच्या सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही फुप्फुसांच्या कडांना धूसर डाग, असे सुटलेले मृत्यू त्याच गठ्ठ्यात सापडतात.