एक चूल, तीन कार्डं आणि बीएचं पहिलं वर्ष

समाजशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात कुटुंब, गट, समुदाय, दर्जा, भूमिका हेच सगळं असतं. लोक म्हणतात, हे काय शिकायचं, हे तर आपण रोज जगतोच. माझ्या सासूबाईंनीही विचारलं होतं, "हे वाचून नवं काय समजनार हाय वो?" या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे, म्हणून लिहायला बसले.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. उतारे, दाखले, योजनांचे अर्ज सगळं माझ्या टेबलावरून जातं. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, बी.ए.ला प्रवेश घेतला. पुस्तकं ई-ज्ञानकोश या इग्नूच्याच वेबसाइटवरून फोनवर उतरवून घेते, व्याख्यानं रात्री इअरफोन लावून ऐकते, असाइनमेंट हातानं लिहिते. एक विषय ६ क्रेडिटचा, एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरलेला, म्हणजे विषयाला १८० तास. असाइनमेंटला ३० टक्के, परीक्षेला ७० टक्के. पुस्तक हिंदीतलं वाचते, अडलं की इंग्रजीतलं उघडते. अभ्यासाची जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, आणि दुपारी सर्व्हर बंद असला की ऑफिसची खुर्ची.

आता कुटुंब.

आमच्या गावात एक आजी आहेत. तीन मुलं. दोघं गावात, तिसरा चाकणला कंपनीत, पण त्याची बायको-मुलं इथंच. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र. शेत एकत्र कसतात, सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं आहेत. रेशन कार्डं मात्र तीन. पीएम-किसानला कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं, म्हणून तिथंही ही तीन कुटुंबं, प्रत्येकाला वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. थोरल्याची पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे. पीएम-किसानच्या हिशेबात ती बापाच्या कुटुंबातून बाहेर पडली, लाडक्या बहिणीच्या हिशेबात ती अजून आत आहे. आणि जनगणनेचा माणूस आला की तो विचारणार, स्वयंपाक कुठे होतो? चूल एक, तर घर एक. चाकणचा मुलगा सोडला तर तेवढ्यापुरते हे सगळे पुन्हा एकत्र येणार.

आजी एकदा माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, "बाई, आमी एकाच चुलीवर जेवतो. कागदावर आमची किती घरं हायेत ते तूच सांग."

ते वाक्य ऐकलं तेव्हा मी आधीच्याच आठवड्यात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची एकत्र कुटुंबाची व्याख्या वाचली होती. १९५३ची. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर शिजलेलं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, कुळाचार एकत्र करणारी आणि एकमेकांच्या ठरावीक नात्यातली माणसं. आजींच्या घराला ती जवळजवळ पूर्ण लागू पडते, फक्त चाकणचा मुलगा छपराबाहेर राहतो. मग त्याला वगळायचं का? तो दर महिन्याला पैसे पाठवतो, पेरणीला रजा काढून येतो, बहिणीच्या बाळंतपणाचा खर्च त्यानं केला. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेत महुवा इथं अभ्यास केला, त्यांनी नेमकं हेच धरलं: घरं वेगळी झाली तरी मालमत्ता आणि जबाबदाऱ्या बांधलेल्या राहतात, म्हणून एकत्रपणा छपरावरून मोजू नये, तो कमीजास्त प्रमाणात असतो. हे वाचताना मला खरोखर आनंद झाला. आजींच्या प्रश्नावर कोणीतरी आयुष्याची वर्षं घातली होती.

यात कोणती व्याख्या खरी, असं मी आधी शोधत होते. आता मी आधी बघते की ती व्याख्या कोणी केली आणि तिच्याकडून काम काय करून घ्यायचं आहे. पैसे वाटायचे असतील तर सरकारला कुटुंबाची हद्द आखावी लागते. डोकी मोजायची असतील तर कोणी दोनदा मोजलं जाऊ नये, म्हणून चूल सोयीची. आणि लोकही आपापला हिशेब करतात. कार्ड वेगळं केलं की गावात लगेच लबाडीचा शिक्का बसतो, तो मला पटत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. नऊ माणसं एका अंत्योदय कार्डावर असतील तर ३५ किलोच, तीच माणसं दुसऱ्या हिशेबात ४५ किलोची. नियम जसा आखला तशी घरं कागदावर जुळतात नि फुटतात. त्यात माणसाचं मन वाईट शोधण्याआधी नियम वाचावा.

हे सगळं अठराव्या वर्षी कॉलेजात बसून शिकले असते तर मला कळलं नसतं असं नाही, पण परीक्षेपुरतं कळलं असतं. ज्याचा दिवस माणसांमध्ये जातो, अंगणवाडीत, रेशन दुकानात, एसटीत, दवाखान्याच्या खिडकीवर, त्याच्यासाठी हा विषय घरबसल्या शिकणं कमी प्रतीचं शिक्षण आहे असं मी अजिबात मानत नाही. आम्ही सकाळी वाचतो आणि दुपारी ते समोर येऊन बसतं.

एक गोष्ट मात्र फोनवरच्या व्याख्यानात मिळत नाही: कोणी अडवत नाही. रेकॉर्डिंग थांबवता येतं, मागे घेता येतं, पण "हे आमच्याकडे असं नाही" असं ते म्हणत नाही. आणि सामाजिक शास्त्रं त्या एका वाक्याशिवाय शिकता येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आम्ही काही विद्यार्थ्यांनी एक ग्रुप केला आणि रविवारी रात्री फोनवर बोलायला लागलो.

नातेसंबंधांचा धडा आला त्या रविवारी झालेलं भांडण मी विसरणार नाही. कर्व्यांनी नात्यांच्या रीतीवरून भारताचे विभाग पाडले आहेत. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच, लग्नाचा विचारही पाप. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, आतेबहीण मात्र बहुतेक ठिकाणी टाळतात. दक्षिणेत तर काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. बुंदेलखंडातली एक मुलगी हे ऐकून गप्पच झाली, मग म्हणाली, हे कायद्याला चालतं कसं? आम्ही शोधलं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यांतच येतं, पण दोन्ही पक्षांच्या रूढीत ते चालत असेल तर मुभा आहे. कायद्यानं रूढीला जागा ठेवली आहे. ती म्हणाली, रूढी आहे हे ठरवणार कोण? त्यावर आमच्यापैकी कोणाकडे चटकन उत्तर नव्हतं.

एवढ्यात गडचिरोलीचा एक मुलगा बोलला. तो गोंड आहे. म्हणाला, तुम्ही सगळे मामा नि आत्या यातच फिरताय, आमच्यात आधी देव विचारतात. चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात. ज्यांची देवसंख्या सारखी ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरिक नाही. गडचिरोली, बुंदेलखंड आणि दारव्हा एका रात्री एका फोनवर, हे गावातल्या किंवा तालुक्याच्या कॉलेजात मला कुठून मिळणार होतं? ऑनलाइन शिकण्याची खरी कमाई ही आहे. पण ती पोर्टलवर आयती नसते, माणसं शोधून ती मिळवावी लागते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखीम यांच्यावरची चर्चा वेगळी होती. त्यांचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७चं. माणसाचं सगळ्यात एकट्याचं वाटणारं कृत्यसुद्धा समाजाशी बांधलेलं असतं, प्रोटेस्टंट लोकांमधलं प्रमाण आणि कॅथलिक लोकांमधलं प्रमाण वेगळं का, एकट्यांमधलं आणि लग्न झालेल्यांमधलं वेगळं का, हे त्यांनी सरकारी आकड्यांवरून मांडलं. यवतमाळमध्ये बसून हा धडा पाठांतरासाठी वाचताच येत नाही. पुढे १९६७मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी त्या आकड्यांवरच बोट ठेवलं: मृत्यूची नोंद करणारा अधिकारी कशाला आत्महत्या म्हणतो, यावर आकडा उभा असतो. ते वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला. आमच्याकडे शेतकऱ्यानं आत्महत्या केली की जिल्ह्याची समिती ते प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर घराला १ लाख रुपये. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाकडून घेतलेलं, हे बघितलं जातं. दुसऱ्याचं शेत मक्त्यानं करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. त्याचं कर्ज बहुधा हातउसनं, नाहीतर परवाना नसलेल्या सावकाराचं. तो शेतात राबला, शेतीपायी बुडाला, आणि कागदावर शेतकरी ठरला नाही. मी असे कागद स्कॅन केले आहेत. त्या घरांबद्दल इथं जास्त लिहिणार नाही, ती माझ्या ओळखीची आहेत. एवढंच म्हणते की आकडा वाचताना त्याच्या बाहेर राहिलेला माणूस आधी शोधायला मला या विषयानं शिकवलं.

पुढची जनगणना २०२७ची, संदर्भ तारीख १ मार्च. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा तिच्यात सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. ग्रुपवर आम्ही आतापासून वाद घालतोय की लोक काय उत्तर देतील: जात, पोटजात, की आडनाव.

तोवर माझ्या टेबलावर एक बदल केला आहे. अर्जात व्यवसायाचा रकाना आला की बाईसोबत आलेला नवरा किंवा दीर सांगून मोकळा होतो, "काही नाही, घरीच असते." पूर्वी मी 'गृहिणी' लिहून पुढे जायची. आता तिच्याकडे बघून विचारते, ताई, कापूस वेचायला जाता का? निंदणाला? रोज किती मिळतो? ती सांगते, आणि मी त्या रकान्यात शेतमजुरी लिहिते.