नारळाचं दूध आंबायच्या आत

पनॉम पेन, पहाटे साडेपाच

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत बाजाराला फ्सार म्हणतात. आपल्या ‘बाजार’ शब्दाचाच तो भाऊबंद, मलय भाषेतल्या ‘पासार’मार्गे आलेला. नदीकाठाजवळच्या फ्सार कांदालमध्ये मासळी आणि भाजी उजाडायच्या आत लागते, आणि गोडाच्या टोपल्याही त्याच वेळी. इथली मिठाई सकाळची असते, कारण ती बहुतेक सगळी नारळाच्या ताज्या दुधावर उभी आहे. इथल्या उकाड्यात हे दूध काही तासांत आंबतं. म्हणून चव घ्यायची तर नऊच्या आत. त्यानंतर जे उरतं ते खाऊन ख्मेर गोडाबद्दल मत बनवू नये.

सहा

आधी दूध पाहावं. विक्रेतीच्या पुढ्यात बहुधा एक वेगळं पातेलं असतं, ख्तिःचं. ख्तिः म्हणजे नारळाचं घट्ट दूध, पण हे गोड नसतं, चक्क खारं असतं. ते बबोरवर (खिरीवर), साबुदाण्यावर, केळ्यावर शेवटी वरून ओततात. खाली ताडगुळाची गोडी आणि वर खारं दूध, या जोडीवर ख्मेर गोडाची सगळी बांधणी आहे. मीठ कमी पडलं की तोच पदार्थ तिसऱ्या घासाला कंटाळा आणतो.

प्रमाण: २०० मिली पहिल्या पिळीचं दूध, अर्धा चमचा मीठ, एक सपाट चमचा तांदळाचं पीठ. पीठ थंड दुधातच कालवायचं, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. कडेला बुडबुडे धरले की उतरवायचं. खळखळून उकळलं तर दूध फाटतं, तेल वर येतं आणि खाली चोथ्यासारखे कण राहतात. बिघडलेलं दूध ओळखायला चाखावं लागत नाही. कडेला बारीक फेस आणि आंबूस वास असेल तर पुढच्या टोपलीकडे जावं. बांधून न्यायचं असेल तर ख्तिः वेगळ्या पिशवीत मागावं, एकत्र बांधलं की खीर पाणचट होते.

साडेसहा

चवळीचा बबोर (बबोर सांदाएक) गरम असतानाच घ्यावा. चिकट तांदूळ, चवळी आणि ताडगूळ, एवढंच साहित्य. चवळी आधी वेगळी, पूर्ण मऊ शिजवतात आणि गूळ अगदी शेवटी घालतात. गूळ आधी पडला तर चवळीचं साल ताठरतं, मग कितीही शिजवा, दाणा दातांखाली करकरतो. चांगल्या बबोरमध्ये दाणा अख्खा दिसतो आणि जिभेने दाबला की विरतो.

ताडगुळाबद्दल थोडं. इथला ताड आपलाच ताड आहे, ज्याचे ताडगोळे आपण खातो तोच. कांपोंग स्पेऊ प्रांताच्या ताडगुळाला २०१० साली कंबोडियात भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. चांगला गूळ फिकट तपकिरी असतो आणि त्याला धुराचा किंचित वास असतो. फार पांढरा आणि नुसता गोड लागला तर त्यात साखर मिसळलेली असण्याचा संभव अधिक.

सात

नुम कोम. मराठी माणसाने इथे जरा थांबावं. सारण ओल्या नारळाचं आणि ताडगुळाचं, त्यात भाजलेले तीळ. बाहेर तांदळाची पारी. केळीच्या पानात पिरॅमिडसारखं बांधून वाफवलेलं. मोदकाची आठवण होणारच, पण पारीचं शास्त्र वेगळं आहे. आपल्या तांदळाच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा कमी, म्हणून ते उकळत्या पाण्यात घालून उकड काढावी लागते. इथे चिकट तांदळाचं पीठ असतं. त्यातला स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन या चिकट प्रकारचा, म्हणून ते कोमट पाण्यानेच मळलं जातं. २०० ग्रॅम पिठाला साधारण १६० मिली पाणी, आणि चिमूटभर मीठ. पाणी एकदम ओतू नये, शेवटचे दोन चमचे हाताला विचारून घालावेत. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ हवा.

पान आधी विस्तवावरून फिरवून मऊ करतात, नाहीतर दुमडताना चिरतं. आतून तेलाचा हात लावायचा, तो विसरला तर अर्धी पारी पानालाच राहते. वाफ १५ ते २० मिनिटं. सारण ओलसर राहिलं तर तळाशी पाक झिरपतो, म्हणून ते कढईत गोळा होईपर्यंत परतलेलं असावं.

लग्नात नुम कोम आणि लांबट नुम अन्साम (पानात बांधून शिजवलेला चिकट भात) जोडीने ठेवतात. अन्साम शिवाचं आणि कोम उमेचं प्रतीक मानतात. प्चुम बेन या पितरांच्या पंधरवड्यातही अन्साम हवाच. यातला ‘बेन’ म्हणजे पिंड, आणि महिना फोत्रबोत, म्हणजे भाद्रपद. तोही वद्य पक्ष. आपल्या पितृपंधरवड्याशी हे इतकं जुळतं की पिंडाचा भात आणि केळीचं पान डोळ्यांपुढे येतंच.

नुम प्लाए आय हा कोमचाच धाकटा भाऊ. त्याच पिठाचा सुपारीएवढा गोळा, आत ताडगुळाचा खडा, उकळत्या पाण्यात सोडायचा आणि मग ओल्या खोबऱ्यात घोळवायचा. गोळा तरंगला की लगेच काढू नये, आणखी एक-दोन मिनिटं द्यावीत, तेव्हा कुठे आतला खडा वितळतो. पीठ कोरडं राहिलं तर गोळा तडकतो आणि पाणी तपकिरी होतं. टोपलीतले गोळे पोकळ, चपटे दिसले तर हेच झालेलं असतं. गरम गोळा अर्धा तोडू नये, अख्खा तोंडात घ्यावा, पण जरा निवल्यावर. आतला पाक चटका देतो.

आठ

लोत: पंडनच्या पानांनी हिरव्या केलेल्या आखूड शेवया, ताडगुळाचा पाक, नारळाचं दूध, बर्फ. पंडन केवड्याच्या कुळातलं, वास बासमतीच्या जवळचा. रंग झगझगीत हिरवा असेल तर तो बाटलीतला, पानाचा रंग मंद असतो. तांदळाचं पीठ चुन्याच्या निवळीत शिजवून भोकांच्या झाऱ्यातून गार पाण्यात पाडतात. कच्चं राहिलं तर शेवया पाण्यात विरघळतात.

संख्या लपौ, म्हणजे अख्ख्या भोपळ्यात वाफवलेली अंड्याची, खरवसासारखी वडी. साधारण सव्वा किलोचा घट्ट गराचा भोपळा, ४ अंडी, १५० मिली नारळाचं घट्ट दूध, ८० ग्रॅम ताडगूळ, चिमूटभर मीठ. मिश्रण फेटायचं नाही, हलक्या हाताने कालवून गाळायचं. फेस राहिला तर वडीला जाळी पडते. भोपळा आतून पुसून कोरडा करायचा, नाहीतर वडी कडेपासून सुटते. मध्यम वाफेवर पाऊण ते एक तास. आच मोठी झाली की भोपळा तडकतो. पूर्ण गार झाल्यावरच कापतात, म्हणून बाजारातली फोड सरळ धारेची असावी.

नऊनंतर

घरी न्यायला अन्साम चेक बरा, केळं घातलेला चिकट भात. तो पानात दीड-दोन तास शिजलेला असतो, आतलं केळं गुलाबी होतं. तरी त्यातही नारळ आहे, तेव्हा त्याच दिवशी संपवावा. फ्रीजमध्ये ठेवला तर भात खडखडीत होतो, मग पानासकट दहा मिनिटं पुन्हा वाफवावा लागतो. संध्याकाळी इथे तोच पानासकट निखाऱ्यावर भाजून विकतात. पान जळून काळं होतं आणि भाताला बाहेरून खरपूस पापुद्रा येतो.