काविळीची लस आणि सूट मागणारे अर्ज

नर्सिंगचे प्रवेश सुरू झाले की माझ्या टेबलावर दोन गठ्ठे येतात. एक मेडिकल फिटनेसच्या कागदांचा. दुसरा बराच लहान, लसीतून सूट मागणाऱ्या अर्जांचा. नाशिकमधल्या एका नर्सिंग कॉलेजात मी ट्यूटर आहे. मुलींची वॉर्डातली ड्युटी मीच लावते आणि त्यांच्या आरोग्याच्या फायलीही मीच सांभाळते. म्हणून हा दुसरा गठ्ठा मी नुसती सही करून पुढे सरकवत नाही. ज्या मुलीला सूट द्यायची, तिला उद्या कुठल्या वॉर्डात उभं करायचं हे मलाच ठरवायचं असतं.

बहुतेक अर्ज हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या काविळीच्या लसीबद्दल असतात. यंदा दिंडोरीकडचे एक वडील मुलीला घेऊन आले. बागेतून थेट आले असावेत, बोटांवर मोरचुदाचे निळे डाग तसेच होते. "मॅडम, डॉक्टरांचं पत्र आणलंय. हिला अंडं चालत नाही." पत्र खरं होतं, अ‍ॅलर्जीही खरी होती. पण ही लस अंड्यावर तयार होतच नाही, यीस्टवर होते. पावातही यीस्ट असतं, म्हणून मी मुलीला विचारलं, पाव खाल्ल्यावर कधी काही त्रास? म्हणाली, "नाही मॅडम, मिसळ-पाव तर नेहमी खाते." आधीच्या डोसला किंवा यीस्टला जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल तर ही लस देत नाहीत. तिचं तसं काहीच नव्हतं. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग घेऊ द्या. पण पहिल्या डोसला हिच्या आईला येऊ द्या." मी लगेच हो म्हटलं. ते हट्टाने आले नव्हते, लेकीच्या काळजीने आले होते.

मला भीती वाटते ती इंजेक्शन देऊन झाल्यानंतरच्या क्षणाची. सुई हब कटरमध्ये, म्हणजे वापरलेली सुई कापणाऱ्या यंत्रात, घालायची सोडून नवी मुलगी टोपण लावायला जाते, हात हलतो आणि ग्लोव्हवर लाल ठिपका उमटतो. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि मुलीने लस घेतलेली नसेल, तर संसर्गाचा धोका ६ ते ३० टक्के असतो. एचआयव्हीसाठी तोच धोका ०.३ टक्के आहे. मुली एचआयव्हीला घाबरतात, हिपॅटायटिस बीचा विचारही करत नाहीत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो. लस नसलेल्या मुलीसाठी मग इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार अँटीबॉडीच्या इंजेक्शनची, धावपळ सुरू होते. ते शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि महागही असतं. देशभर सगळ्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली ती २०११ पासून. आत्ता प्रवेश घेणाऱ्या मुली त्याआधी जन्मलेल्या, त्यामुळे प्रत्येकीचं जुनं कार्ड मी नीट पाहते.

खरी सूट लागणाऱ्या मुलीही असतात. किडनीच्या आजारासाठी भरपूर स्टेरॉइड घेणाऱ्या मुलीला गोवर किंवा कांजिण्यांची लस देता येत नाही, कारण त्या जिवंत विषाणूच्या लसी आहेत. काविळीची मात्र देता येते. अशा मुलीला मी गोवराच्या रुग्णांजवळ पाठवणार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, गोवराची साथ आली होती. तिच्याभोवतीच्या सगळ्या मुलींनी लस घेतलेली असणं हेच तिचं संरक्षण.

बळजबरीच्या मी विरोधात आहे. सुप्रीम कोर्टानेही मे २०२२ मध्ये कोविड लसीच्या खटल्यात सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतात, हेही त्याच निकालात आहे. अमेरिकेत १९९१ च्या नियमाप्रमाणे, रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने ही लस फुकट द्यायची असते. नको असेल तर त्याने तसं लिहून सही करायची, आणि पुढे मन बदललं तर तेव्हाही लस फुकटच. मला ही पद्धत पटते. नकाराचा कागद कायमचा नसावा. आपल्याकडे अर्ज फायलीत गेला की कुणी पुन्हा विचारत नाही, आणि ती मुलगी तशीच कॅज्युअल्टीत उभी राहते. सूट मागणाऱ्या प्रत्येक अर्जावर कारण, पोस्टिंगमधला बदल आणि पुन्हा विचारण्याची तारीख असलीच पाहिजे, असं मी आमच्या प्राचार्यांना लेखी दिलं आहे.

यंदा प्रवेश घेतलेल्या मुलींनो, पहिला डोस वॉर्डात पाय ठेवण्याआधी घ्या. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या ते मोजणारी तपासणी, करा. तो १० किंवा जास्त हवा. काहींच्या अंगात तीन डोसनंतरही तेवढ्या अँटीबॉडी तयार होत नाहीत, तेव्हा पुन्हा डोस घ्यावे लागतात. त्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. रात्रपाळीत सुई टोचली तर डॉक्टर आधी तोच विचारतील.