कंपासमधली पट्टी

परवा लेकीचा भूमितीचा पेपर आणि कंपासमध्ये पट्टीच नाही. पट्टी कुठे, तर माझ्या एप्रनच्या खिशात. आमच्या ओपीडीतल्या पारदर्शक पट्ट्या कोण कुठे नेतं देव जाणे, म्हणून आदल्या रात्री मी गुपचूप तिची उचलली, दुसरी घेऊन सकाळी ठेवू असं म्हणत, आणि सकाळी डबा, रिक्षा, पाण्याची बाटली या गडबडीत कसलं डोंबल आठवतंय. बाईंनी दिली म्हणे तिला त्यांची लाकडी. घरी आल्यावर चिडली वगैरे नाही, शांतपणे म्हणाली, "आई, पेशंटची सही घेतेस ना तू आधी? मग मला का नाही विचारलंस?" आता बोला.

मी टीबीवर काम करते. अर्धा आठवडा ओपीडी, अर्धा रिसर्च, आणि रिसर्चचा विषय घरातल्या एकाला टीबी झाला की बाकीच्यांचं काय होतं हा. "कसं गं जमवतेस सगळं?" असं लोक विचारतात तेव्हा खरं उत्तर एकच, मी नाही जमवत, सासूबाई जमवतात. नवराही करतो, पण तो काहीतरी केलं की मला सांगतो, सासूबाई सांगत नाहीत, एवढाच फरक.

तर पट्टी लागते मोंटू टेस्टला, म्हणजे टीबीची लागण झालीय का ते बघायच्या टेस्टला. हातावर टोचायचं आणि 48 ते 72 तासांत वाचायचं. म्हणजे गुरुवारी टोचलं की शनिवार-रविवार गेलाच. प्रोटोकॉल लिहिताना मोठ्या हुशारीने मी सोमवार ते बुधवार असं ठरवलेलं, पण चार घरची धुणीभांडी करणारी बाई पोरांना घेऊन तिला सुट्टी मिळेल तेव्हाच येणार ना, आणि तिला मिळते गुरुवारी, त्यामुळे माझा शनिवार जातो, आणि शाळेचं ओपन हाऊस नेमकं शनिवारी असतं. वाचायचं म्हणजे लाली नाही मोजायची, गाठ मोजायची. बॉलपेन कातडीवरून बाहेरून आत हळूहळू आणायचं, जिथे अडेल तिथे थांबायचं, मग समोरच्या बाजूने तसंच, आणि मधलं अंतर मिलिमीटरमध्ये, 10 किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह. आमच्या बाईसाहेब हे डासांच्या चाव्यांवर करतात. मागे पाहुण्यांसमोर दंड पुढे करून "12 एमएम, पॉझिटिव्ह!" म्हणून ओरडली, काकूंनी हातातला चहाच खाली ठेवला.

दुसरं म्हणजे हा टीबीचा जंतू महा आळशी. आतड्यातले ई. कोलाय जंतू 20 मिनिटांत एकाचे दोन होतात, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, निगेटिव्ह म्हणायला मशीनमध्येसुद्धा 42 दिवस थांबायचं. त्यामुळे घाई कधीच नसते आणि असते तेव्हा एकदम असते. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या दिवशी आमच्या स्टडीतला एकजण ॲडमिट झाला, गाडीवरून पडून, आमच्या गोळ्यांशी काही संबंध नाही, पण ॲडमिट म्हणजे सिरियस, आणि 24 तासांत एथिक्स कमिटीला कळवायचंच. हॉलच्या शेवटच्या रांगेत मांडीवर लॅपटॉप, फोनचं नेट, स्टेजवर मावळे. मान वर केली तेव्हा लेक नाचत नव्हती, माझ्याकडे बघत होती, अंधारात माझं एकटीचंच तोंड उजळलेलं. सगळे मावळे डावीकडे वळले आणि ही तशीच.

शाळेत मी नावाची पालक प्रतिनिधी. कामाला शून्य, पण ताप-खोकल्याचे फोटो मात्र मलाच येतात. आणि एकदा (जुनी गोष्ट, तपशीलही थोडे बदललेत) एका मुलाला टीबी निघाला आणि ग्रुपवर ते फुटलं. टीबीचा पेशंट सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे, पण ते सरकारला, आख्ख्या वर्गाला नव्हे. झालं, बेंच बदला, डबा वेगळा खाऊ दे, सहा महिने घरीच ठेवा. "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना", म्हणजे माझ्या तोंडून त्यांना हवं ते. मी आधी त्याच्या आईला फोन केला, बोलू का म्हणून विचारलं, ती हो म्हणाली आणि रडली.

मीटिंगमध्ये सांगितलं की लहान मुलांकडून सहसा पसरत नाही, त्यांच्यात जंतू कमी असतात आणि मोठ्यांसारखा बेडका पडत नाही, बहुतेकदा घरातल्याच कुणा मोठ्याकडून त्यांना लागण होते, तिकडे बघा. डब्यातून तर नाहीच पसरत, हवेतून पसरतो. मग मद्रासचा अभ्यास सांगितला. 1956 ला सुरू झालेला, अर्धे पेशंट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात, अर्धे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, दोघांना तीच औषधं, आणि घरी राहिलेल्यांच्या माणसांना जास्त लागण झाली नाही. सॅनेटोरियमची सद्दी तिथून संपत आली. अर्धे पालक ऐकत होते, अर्धे फोनमध्ये. मागून एक बाबा उठले, "तुमच्या मुलीला बसवाल का त्याच्या शेजारी?" मी म्हटलं, हो, बसवते. आणि बसवलीसुद्धा.

पण खरं सांगू? त्या रात्री लेक दोनदा खोकली आणि मी उठून बसले. एसीची गार हवा होती, दुसरं काही नव्हतं, मला माहीत होतं, तरी बसले होते तिच्या छातीवर हात ठेवून. मद्रासचा अभ्यास होता कुठे तेव्हा डोक्यात.

असो. काल डझनभर पट्ट्या आणल्यात, सहा माझ्या, सहा तिच्या. तिने तिच्या सहांवर मार्करने लिहून ठेवलंय, हात लावू नये. खाली बारीक अक्षरात, सहीसाठी रेघ.