लांडगा परवडत नाही

दुपारी जेवण झाल्यावर माणसानं आडवं व्हावं आणि चारपर्यंत कुणी दाराची बेल वाजवू नये, एवढी साधी अपेक्षा. पण कॉलेजातली भाची सुट्टीला आलेली. पाय वर घेऊन दिवाणावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप.

"मामा, पुस्तकात हा पांढरा लांडगा सारखा जॉनच्या मागेमागे असतो. इथे मधेच कुठे गायब होतो?"

'गेम ऑफ थ्रोन्स' तिनं आधी वाचलं आणि मग त्यावरची टीव्ही मालिका बघायला घेतली. त्यामुळे प्रत्येक भागात हिशेब मागते.

"परवडत नाही गं," मी डोळे न उघडता म्हणालो.

खरंच तसं आहे. सुरुवातीला मालिकावाल्यांनी लांडग्यांसारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांवर भागवलं. पुढे खरे लांडगे घेतले. पण ते वेगळे चित्रित करायचे, संगणकावर थोराड करायचे आणि मग नटांशेजारी आणून उभे करायचे. एवढं करण्यापेक्षा लांडगा बाहेर कुठेतरी गेलाय असं समजलेलं बरं.

यातली गंमत अशी, की मूळ पुस्तकाचा लेखक जॉर्ज मार्टिन स्वतः टीव्हीतला माणूस. ऐंशीच्या दशकात मालिकांसाठी लिहायचा आणि दर वेळी ऐकून घ्यायचा, की हे फार लांबलंय, हे फार महाग पडेल. वैतागून कादंबरीकडे वळला. कागदावर सैन्याला पगार लागत नाही. 1996 साली पहिला खंड आला, तो असा ऐसपैस, की पडद्यावर येणं शक्यच नाही असं त्यालाही वाटत होतं. मग टीव्हीवाले तेच पुस्तक घेऊन गेले आणि पुन्हा कात्री निघाली.

मला ती कात्री बघायला आवडते. कथा कुठे चाललीय याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही, पैसे कुठे वाचवले ते मी शोधत बसतो. पुस्तकात टिरियन एक लढाई चांगली हातघाईवर येऊन लढतो. 2011 च्या पहिल्या पर्वात लढाईला तोंड फुटायच्या आतच त्याच्या डोक्यात आपल्याच माणसाचा हातोडा बसतो. शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं. एका टोल्यात केवढे घोडे वाचले! मी तर टाळीच वाजवली होती.

ही खोड मला गणपतीत लागली. आमच्या पेठेतल्या मंडळाचा हलता देखावा असायचा: खांब दुभंगायचा, नरसिंह बाहेर यायचा, पुढे गर्दी हात जोडायची. मी एकदा गोणपाट बाजूला सारून मागे शिरलो. तिथे बांबूंच्या जंगलात बनियनवर एक काका उकिडवे बसले होते. तोंडात विडी, दोन्ही हातांत सुतळ्या.

"काका, नरसिंह तुम्ही ओढता?"

"मोटार जळलीय. बाहेर बोललास तर बघ."

बाहेर ध्वनिफितीवर प्रल्हाद "नारायण, नारायण" म्हणाला. काकांनी विडी दातांत घट्ट धरली आणि डावी सुतळी खेचली. समोरून मी कैक देखावे पाहिले असतील, त्यातला एक धड आठवत नाही. सुतळीचे ते वळ उठलेले तळवे मात्र लख्ख आठवतात.

तर, मालिकेतल्या पहारेकऱ्यांचे ते भारदस्त काळे झगे. त्यांतले काही आयकिया या फर्निचरवाल्या दुकानाचे गालिचे कापून, भादरून, रंगवून, वर चामड्याचे पट्टे लावून केलेले होते. वेशभूषाकार मिशेल क्लॅप्टन यांनीच 2016 मध्ये हे सांगितलं. जुन्या नऊवारीची गोधडी आणि उरल्या तुकड्याचं पायपुसणं करणाऱ्या माझ्या आत्यानं त्यांना मुलगी मानलं असतं.

शेवटच्या पर्वात मात्र हात सैल सुटला. एका लढाईसाठी पंचावन्न रात्री चित्रीकरण चाललं. 2019 मध्ये ती दाखवली, तर लोकांची ओरड, की अंधारात काही दिसतच नाही. त्यावर छायाचित्रकाराचं म्हणणं असं, की बऱ्याच लोकांना आपला टीव्ही नीट लावताच येत नाही.

माणूस परदेशातला आहे म्हणतात. पण आजोळ सदाशिव पेठेत असणार.